चिमणाच्या नावानं आणलेली मरळ

बायडाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा पिराजी चारचौघांत हसत हसत सांगायचा. ते कारण रोज तोच घरी घेऊन येत होता, हे मात्र सांगत नसे.

पिराजी शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर मुकादम होता. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण पिराजीच्या घरची दरबारी चाल काही मोडली नव्हती. हंगामात शिरोळच्या, मुरगूडच्या, पेठ वडगावच्या गाड्या ढेपा घेऊन यायच्या, सौदा होईतोवर शेतकरी अडतीवर ताटकळत बसायचे, आणि त्यातला एखाद-दुसरा पिराजी दुपारी घरी जेवायला घेऊन यायचा. "चला पावणं, आमच्यात दोन घास खावा," म्हणायला त्याची जीभ कधी अडत नसे. चूल दुसऱ्याच्या हाती असली की माणूस दिलदार होतो. पिराजी म्हणजे राजा माणूस, असं अडतीवर सगळे म्हणत. या राजाची चूल फुंकणारी बाई शुक्रवार पेठेतल्या घरामागच्या परड्यात धुरानं डोळे चोळत बसलेली असायची, तिच्याबद्दल कुणी काही म्हणत नसे.

मटण-मासा घरातल्या चुलीवर शिजायचा नाही. त्याला परड्यात वेगळी चूल, वेगळं जर्मनचं भगुलं. शिजला की पुढच्या सोप्यात पुरुषांची पंगत बसायची. तुकडे त्यांना. मग भगुलं आत यायचं, त्यात जो रस्सा उरेल तो बायकांना, भाकरी कुस्करून. हा कायदा कुणी केला होता म्हणून विचाराल, तर कुणीच नाही. बायडाबाईच्या सासूनं तसंच खाल्लं, तिच्या सासूनंही तसंच. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. बायडाबाईनं सारा संसारभर तळं राखलं आणि पाणी चाखलं ते पिराजीनं, थोरला मुलगा सयाजीनं आणि मुरगूडच्या पाटलांनी. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा राग येत नव्हता. तिचा राग लाकडं ओली निघाली, पाणी उशिरा आलं, असल्या किरकोळीत खर्च व्हायचा.

मग तिची लेक चिमणा माहेरी आली.

चिमणाचं पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं होतं आणि जाताना आईलाही घेऊनच जायच्या बेतात होतं. आता ती पुन्हा गरोदर होती. चेहरा चुन्यानं सारवल्यासारखा, दोन पायऱ्या चढली की धाप. बायडाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेली. पिराजीही हौसेनं सोबत आला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हिच्या अंगात रक्त नाही. बाळंतपणापर्यंत भरून निघालं नाही तर मागच्यासारखं होईल, आणि या वेळी मी हिला वाचवीनच असं सांगत नाही. मासा द्या, कलेजी द्या, पालेभाजी द्या. तिखटाचा मारा नको, पोट बिघडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही."

पिराजी हेलावला. लेकीवर त्याचा जीव होता, हे कुणी नाकारणार नाही. दुसऱ्याच दिवसापासून तो पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन भोयांकडून जिवंत मरळ मासा आणू लागला. रस्त्यात भेटेल त्याला पिशवी उघडून दाखवायचा. "आमच्या चिमीसाठी," म्हणायचा.

बायडाबाईनं आपली सारी विद्या पणाला लावली. कोल्हापुरात तिखट कमी करून चव ठेवायची म्हणजे खायचं काम नाही. ती मरळ राखेनं घासायची, विळीवर साफ करून हळद लावून ठेवायची. कांदा-लसणाची चटणी रंगापुरती चिमूटभर. त्याऐवजी आलं, ठेचलेला लसूण, मूठभर कोथिंबीर आणि थोडं ओलं खोबरं पाट्यावर गंधासारखं वाटायचं, तेल बेतानं, दोन आमसुलं. रस्सा उकळला की शेवटी तुकडे सोडायचे, झाकण ठेवायचं आणि भगुलं निखाऱ्यावर ओढायचं. पहिल्या दिवशी सयाजीनं नाक मुरडलं. "ह्ये काय आजाऱ्याचं कालवण?" असं म्हणत त्यानं तीन तुकडे संपवले. दुसऱ्या दिवशी चार मागितले.

आणि इथंच घात झाला. कालवण बेचव झालं असतं तर चिमणाच्या वाट्याला तरी आलं असतं. झालं भलतंच. पिराजीच्या घरचं कमी तिखटाचं मासं पोटाला हलकं पडतं, जळजळ होत नाही, अशी वार्ता अडतीवर पसरली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. रोज नवा पाहुणा येऊ लागला. मुरगूडचा आकाराम पाटील तर सौदा नसतानाही येऊ लागला. "वैनी, हाताला चव हाय तुमच्या," म्हणत तो शेपटीपर्यंत चोखून खायचा. बायडाबाई पदर सावरून आणखी एक तुकडा वाढायची. भगुलं आत यायचं तेव्हा चिमणासाठी रस्सा असायचा, भरपूर.

महिना उलटला. डॉक्टरीणबाईंनी चिमणाला पुन्हा तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मासा खातेस ना?"

"व्हय. रोज करती आई."

"किती तुकडे खातेस?"

चिमणाला प्रश्नच कळला नाही. तिनं आईकडं बघितलं, मग म्हणाली, "तुकडं न्हाईत. रस्सा खाते की भाकरीसंगं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. मग बायडाबाईकडं वळून म्हणाल्या, "मग बाई, मासा कोण खातं?"

बायडाबाईनं मनातल्या मनात एकेक ताट मोजलं. शुक्रवार पेठेपासून मुरगूडपर्यंत सगळं जग तिच्या लेकीचं रक्त खात होतं, आणि ते प्रत्येकाच्या ताटात तिनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण आपण, या विचारानं तिच्या अंगाची लाही लाही झाली.

संध्याकाळी पिराजीला सांगितलं तर तोच भडकला. "महिनाभर आनतोय की मी! घाटावर इचार जा. त्या डॉक्टरणीला काय कळतंय? आन चिमीला खाऊ नगो म्हनून कुनी सांगितलंय का ह्या घरात?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तेच तर. एखाद्यानं ताट हिसकावलं असतं तर बायडाबाईनं त्याचा हात मोडला असता. इथं मोडायला हातच सापडत नव्हता. पिराजी खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं आणि त्यामुळंच त्याचं तोंड बघवत नव्हतं. मासा घरात आणला म्हणजे तो पोरीच्या पोटात गेला, असं त्याला मनापासून वाटत होतं. मधली वाट बायकांची, तिकडं त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिराजी हट्टानं भली मोठी मरळ घेऊन आला आणि अडतीवर गेला. बायडाबाईनं लवकर चूल पेटवली. दुपार व्हायच्या आत कालवण उतरवलं, भगुलं थेट आत आणलं आणि परड्याचं दार लावून घेतलं. चिमणाला पाटावर बसवलं. ताटात मधले जाड तुकडे वाढले, वर थोडा रस्सा, बाजूला मेथीची भाजी आणि भाकरी.

"खा."

चिमणा खाली मान घालून जेवू लागली. बायडाबाई दुसरी भाकरी आणायला वळली आणि परत येऊन बघते तर ताटात तुकडे नाहीत. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिनं भाकरीचा कोपरा उचलला. खाली चारी तुकडे जसेच्या तसे सरकवून ठेवलेले.

"ह्ये काय गं?"

"आबा आन दादा जेवलं न्हाईत अजून," चिमणा पुटपुटली. "पावणं आलं तर त्येंच्या ताटात काय घालशील?"

बायडाबाईचा सगळा साठलेला राग वर आला. "पावन्यांच्या मढ्यावर घालीन! मरायला टेकलीयास तू. पोटात पोर हाय. त्ये पोर काय आबाची पंगत उठायची वाट बगत बसनार हाय? मागच्यानं बगितली का?"

चिमणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात ताटाकडं गेला नाही. "घशाखाली उतरत न्हाई आई. त्येंच्या आदी कसं खाऊ? तू तरी कवा खाल्लाईस?"

बायडाबाईनं हातातली भाकरी ताटाकडेला ठेवली. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्यातली एकही कामाची नव्हती. लेकीनं आईचंच घेतलं होतं. हात कुठं थांबवायचा ते तिला कुणी तोंडानं शिकवलं नव्हतं, बायडाबाईचा हात बघत ती मोठी झाली होती.

तिनं फळीवरची एक पितळी ताटली ओढली, धाडकन लेकीसमोर ठेवली आणि भुईवर मांडी घालून बसली. भगुल्यातला एक मोठा तुकडा घेतला. मोडला. तोंडात घातला.

आणि तिचं तोंड वाकडं झालं. तुकडा आतून अळणी होता. मीठ पार वरच राहिलं होतं. इतकी वर्षं ती रस्सा चाटून मिठाचा अंदाज घेत आली होती, तुकड्याची चव तिला ठाऊकच नव्हती. आणि तो खाणाऱ्या एकानंही सांगितलं नव्हतं. हाताला चव आहे म्हणत गिळत गेले सगळे. "मुडद्यांनो," ती घास चावता चावता म्हणाली, "आदीच मीठ लावून ठिवाय पायजे हुतं. सांगाय काय जीभ झडलीती?"

तेवढ्यात सोप्यात पावलं वाजली, चपला निघाल्या, आणि पिराजीची आरोळी आली, "अगं, वाढ की. आकाराम पावणं आल्यात."

चिमणा दचकून उठायला गेली. बायडाबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि दुसरा तुकडा मोडला.

थोड्या वेळानं पिराजी आतल्या दारात आला आणि तिथंच थांबला. समोर बायको भुईवर बसलेली, हाताला हळदीचा रस्सा, गाल घासानं फुगलेला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला जेवताना बघितलं नव्हतं. ती जेवत असेल, एवढंच त्यानं धरून चाललं होतं.

"ह्ये काय चाललंय?"

"जेवान," बायडाबाई म्हणाली. "रस्सा उरंल. पावन्यास्नी पानी द्या आन बसवा तवर."

पिराजीनं सोप्याकडं बघितलं, भगुल्याकडं बघितलं, लेकीच्या पांढऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बोलला ते एवढंच, "तांब्या कुठं असतोय?"

बायडाबाई लेकीकडं बघत होती. बाप दारात उभा असताना चिमणानं भाकरी उचलली, खालचा एक तुकडा काढला आणि तोंडात घातला.

"काटा बगून खा," बायडाबाई म्हणाली.