डब्यातली रजा

यंत्रमागाच्या शेडमध्ये तिला सगळे तोफ म्हणत. जन्मभर मागांच्या खडखडाटावर मात करून बोलायचं, तर आवाज तोफेचाच लागतो. आणि कुणाची मिजास सहन करायची नाही, हा दारूगोळा तिने माहेराहूनच आणला होता.

त्या शेडमध्ये रजा मिळत नसे, गोळी मिळे. मुकादमाच्या टेबलावर पत्र्याचा डबा असायचा. कामाची पाळी सुरू होण्याआधी बाया रांगेने हात पुढे करायच्या. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या अंगात कणकण. मुकादमाचं वाक्य ठरलेलं, "घे गोळी, लाग कामाला." पांढऱ्या गोळ्या, घोटभर पाणी, पोटात अन्नाचा कण नाही. दुपारी पुन्हा तेच. ताप उतरायचा, दुखणं दबायचं, माग चालू राहायचे. गोळी गुणाची होती, म्हणून तर कुणाला संशय आला नाही.

कान मात्र सगळ्यांचेच वाजत. आत भुंगा कोंडल्यासारखे. मागांमुळेच, दुसरं काय! बाया खाली पडलेला कापूस उचलून कानात कोंबायच्या. भुंगा आतच.

तोफेची धाकटी जाऊ वरच्या माळ्यावर कापडाच्या घड्या घालायची. तिथे एकही माग नव्हता. एकदा तोफ वर गेली, तेव्हा ती म्हणाली, "ताई, माझ्या पण कानात वाजतं हो."

"घड्यांचा खडखडाट होतो वाटतं!" तोफ म्हणाली, आणि सगळा माळा हसला.

मग एके दिवशी धाकटी घड्यांच्या टेबलावरच कोसळली. चेहरा हातातल्या कापडासारखा पांढरा. तोफेने तिला दवाखान्यात नेलं.

"शौचाला कसं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "डांबरासारखं काळं."

"आणि गोळ्या कसल्या घेता?"

तोफेने खिशातल्या दुपारच्या गोळ्या पुढे केल्या. गोळीवरचा छाप बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही अ‍ॅस्पिरिन. दुखण्यावर, तापावर चांगलं औषध आहे. पण रोज, उपाशीपोटी, अशी मूठमूठ? पोटात जखम झालीय, रक्त जातंय. कान वाजतात ना? तीही औषध जास्त झाल्याचीच खूण. हिला आजच भरती करायचं. बरी होईपर्यंत काम बंद."

तोफेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माळ्यावर माग नव्हते. गोळ्या होत्या. आपण पोरीला हसलो, हे तिला गोळीपेक्षा कडू लागलं.

मुकादमाला निरोप गेला, तसा तो गुरकावला, "उद्या आली नाही तर तिची जागा दुसरीला. बाहेर रांग लागलीय."

दुसऱ्या सकाळी त्याने डबा उघडायला घेतला, तोच तोफेचा पंजा झाकणावर पडला.

"मुकादम, आज आधी तुम्ही घ्या. उपाशीपोटी."

"मला काय झालंय?"

"आम्हाला रजा हवी असते. ती तुम्ही या डब्यात कोंडून ठेवलीय!"

मग डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते तिने शेवटच्या मागापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. पुढे आलेले हात एकेक करून मागे गेले.

"नाटकं पुरे! माग सुरू करा!" मुकादम ओरडला.

कुणी हललं नाही. इतकी माणसं आत असताना शेड इतकी गप्प कधीच झाली नव्हती. त्या शांततेत प्रत्येकीला आपापला भुंगा ऐकू आला. माग बंद, तरी कान वाजतायत! एका म्हातारीने कानातला कापूस ओढून काढला आणि मुकादमाच्या टेबलावर आपटला. "हे पण ठेव तुझ्या डब्यात!"

"धाकटीची जागा धाकटीचीच," तोफ म्हणाली. "आणि आजारी बाईला रजा. मालकाला सांगा. आम्ही बसलोय."

मुकादम पाय आपटत मालकाच्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळाने मान खाली घालून परतला. दोन्ही गोष्टी कबूल. फक्त तोफेला सूड म्हणून कोपऱ्यातला सगळ्यात खटारा माग मिळाला, ज्याचा धागा घडोघडी तुटायचा. तिने तोही चालवून दाखवला.

धाकटी बरी होऊन माळा चढली, त्याच आठवड्यात तोफेची कंबर धरली. मुकादमाने खवचटपणे विचारलं, "काय तोफ, देऊ का गोळी?"

"नको. उद्या मी येणार नाही," तोफ म्हणाली, आणि तुटलेला धागा जोडायला वाकली.

तिने सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.