करडीचं तेल आणि बोथट तलवार

जोडे आधी आले, तलवार नंतर.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात आमचे इतिहासाचे सर अधूनमधून रविवारी लोकांना फिरवून माहिती सांगतात. आम्ही त्यांचे काही जुने विद्यार्थी मध्ययुगीन शिपायांच्या वेशात दरवाजाशी आणि बुरुजावर उभे राहतो. पहिल्या वेळी माझ्या अंगात अंगरखा होता, डोक्याला पागोटं होतं आणि पायांत पांढऱ्या तळव्याचे कॅनव्हासचे बूट. एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, "शिपाईबुवा, हे बूट कुठल्या बादशहानं दिले?" सगळे हसले. मीही हसलो. पण सांगोल्याकडच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला, लोक आपल्याला हसतात की आपल्या बुटांना, हे लवकर कळत नाही.

सर म्हणाले, "वेश अर्धा नको. पायापासून सुरुवात कर." मग मी एका कारागिराकडून वर वळलेल्या टोकाचे चामडी जोडे करवून घेतले. त्यांत डावा-उजवा नसतो, दोन्ही एकाच साच्यावरचे. आलटून पालटून घालायचे, म्हणजे एका बाजूनं झिजत नाहीत. सुरुवातीला टाचा सोलून निघाल्या. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, बुरशी आली तर पुसून सावलीत वाळवायचे, उन्हात कधीच नाही. तळ गुळगुळीत असतो, फरशीवर पाय सटकतो, हेही पडून शिकलो.

तलवार सरांच्या ओळखीतून आली. जुन्या घाटाची, पण धार मुद्दाम न काढलेली. पात्याच्या कडेवर अंगठा दाबून ओढला तरी नुसती पांढरी रेघ उमटायची. सरांनी निगा शिकवली. पात्याला बोट लागलं तरी घाम राहतो आणि गंज धरतो. म्हणून दर रविवारी तलवार म्यानातून काढायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि शिवणयंत्राचं तेल हलक्या हातानं फिरवायचं. दुसरं कुठलंही तेल नाही. मी ते नेमानं करत होतो.

त्याच वर्षी एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून माझी निवड झाली. वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेला, आई डाळिंबाच्या बागांत कामाला जाते. महिन्याचा पगार घेणारं आमच्या घरात आजवर कुणी नव्हतं. वसतिगृहानं मला जेवू घातलं, सरांनी पुस्तकं दिली, म्हणून मी इथवर आलो. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. पोलीस ठाण्यातून 'गुन्हा नोंद नाही' असा अहवाल गेला की नेमणुकीचा आदेश.

आणि नेमकी तेव्हाच वर्तमानपत्रात बातमी आली. कुरिअरनं मागवलेल्या तलवारी पकडल्या, मागवणाऱ्यांवर गुन्हे दाखल. मी चहाच्या टपरीवर उभा राहून ती वाचली. हातातला चहा तसाच गार झाला. माझी तलवार बोथट होती, तिची पावती होती, हे मला माहीत होतं. पण बातमीत बोथट की धारदार असं काही लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून भीती बसली. माझी एका खोलीची जागा, खिडकी थेट बोळात. खिडकीशी बसून तलवार पुसताना कुणी पाहिलं तर? कुणी ठाण्यात जाऊन सांगितलं तर? मी तलवार चादरीत गुंडाळून कपाटावर, गादीच्या मागं सरकवली. रविवारचं पुसणं बंद केलं. बोळात मोटारसायकल थांबली की मी दिवा मालवायचो. सर म्हणाले, "पावती जपून ठेव आणि घाबरू नकोस." पावती जपून ठेवली.

दसऱ्यासाठी आई गावाहून आली. आमच्याकडं आदल्या दिवशी, खंडेनवमीला हत्यारं पुजतात. गावाकडं वडिलांची कुऱ्हाड, खुरपी, मेंढरांची लोकर कातरायची कातर पाटावर मांडतात. मी काही कामानं बाहेर गेलो होतो. परत आलो तर पाटावर माझं पेन, माझ्या पदवीची गुंडाळी आणि म्यानातली तलवार. तिच्यावर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. बाजूला जमिनीवर जोडे.

"आई, खिडकी तरी लावायचीस!"

"का? देवाचं काम लपून करत्यात व्हय?"

"आणि जोडे का मांडलेस?"

"तलवारीच्या जोडीला हायती नव्हं? पाटावर न्हाई ठेवलं. एवढं कळतंय मला."

मी घाईघाईनं नमस्कार केला आणि तलवार पुन्हा चादरीत गुंडाळली. म्यानातून काढून पाहिली नाही. काढायचं धैर्यच नव्हतं.

थंडी पडली. आई गावी गेली होती, पडताळणी अजून व्हायची होती. सरांनी किल्ल्यात कार्यक्रम ठरवला, परवानगी काढली आणि मला तलवार घेऊन यायला सांगितलं. सरांना नाही म्हणणं मला जमत नाही. सकाळी मी वेश केला, जोडे घातले, चादरीतली तलवार मांडीवर आडवी घेऊन रिक्षात बसलो. पावती खिशात होती. ती तीनदा चाचपली.

त्या दिवशी शहरात मिरवणूक होती, हे मला चौकात गेल्यावर कळलं. पोलीस गाड्या तपासत होते. हवालदारानं रिक्षा थांबवली.

"काय हाय त्या चादरीत?"

मी आधी खिशातली पावती शोधू लागलो. त्यानंच चादर उलगडली.

"आयला! नवरदेव हाईस का काय?"

"शोभेची आहे साहेब. किल्ल्यात कार्यक्रम आहे. धार नाही तिला. ही पावती."

"पावतीवर धार दिसती का? काढून दाखव."

मी मूठ धरून ओढली. तलवार हलली नाही. पुन्हा ओढली. हाताला घाम सुटला, मूठ निसटायला लागली. हवालदारानं म्यान धरलं, मी मूठ धरली, दोघांनी ओढलं. गुळगुळीत तळाचे माझे जोडे सटकले आणि मी रस्त्यावर बसलो.

"तलवार हाय का रुतलेला मुळा?" हवालदार म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "का मुद्दाम चिकटवलीय? चल ठाण्यात."

ज्या ठाण्यात माझी पडताळणी होती, तेच ठाणं. मी बाकावर बसलो. नाव विचारल्यावर टेबलापलीकडचा एक पोलीस मान वर करून म्हणाला, "ह्या नावाचा कागद आलाय की आपल्याकडं. नोकरीचा." वाटलं, वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलंय. आता कुणाकुणाला काय सांगतील?

ठाण्याचे साहेब आले. तरुण होते. त्यांनी स्वतः तलवार ओढून पाहिली.

"कशानं चिकटली?"

"माहीत नाही साहेब. खंडेनवमीला आईनं पूजा केली होती, तेव्हापासून काढली नाही."

"का नाही काढली?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

मी खिशातला फोन काढला. सरांचा फोन लागत नव्हता. ते लोकांना किल्ला दाखवत असणार. साहेब म्हणाले, "आईला फोन लाव. स्पीकरवर ठेव."

"जेवलास का?" आईनं पहिलं हेच विचारलं.

"आई, खंडेनवमीला तू तलवार म्यानातून काढली होतीस का?"

"व्हय. फुलं वाहिली, पाणी शिंपडलं. मग पुसून तेल लावलं की. लई लावलं, हात राखला न्हाई."

"कुठलं तेल?"

"आपलं घरचं. करडीचं. का रं? आवाज का असा येतोय तुजा?"

सांगावं लागलं. मग आईचा आवाज आला, अगदी बारीक. "सायेब तितं हायती का? सायेब, ते तेल मी लावलंय. त्याला ठावं बी न्हाई. काय लिवायचं ते माज्या नावानं लिवा. त्याच्या नोकरीचं तेवढं…"

ती रडायला लागली. माझी आई बागेतल्या मुकादमापुढंही कधी दबलेली मी पाहिली नव्हती.

साहेब फोनकडं वाकले. "आई, रडू नका. मी मंगळवेढ्याचा. करडीचं तेल वाळलं की काय होतंय, मला माहिताय. आमच्या देव्हाऱ्यातल्या समईवर असा थर धरायचा, नखानं निघायचा न्हाई."

त्यांनी तलवार बाहेर जीपच्या बॉनेटवर उन्हात ठेवायला लावली. हवालदार मधूनमधून म्यानावर चापट्या मारत होता. मी खिडकीतून बघत होतो. ऊन चढलं तसं त्यानं पुन्हा मूठ पिळली, आणि पापड मोडावा तसा आवाज होऊन पातं बाहेर आलं. त्यावर तपकिरी, चिकट थर होता, खाली गंजाचे ठिपके आणि मधोमध झेंडूची एक वाळलेली पाकळी.

साहेबांनी पात्याच्या कडेवरून अंगठा ओढला. मला वाटलं, आज नेमका कापला तर? अंगठ्यावर पांढरी रेघ उमटली. त्यांनी पावती पाहिली, पाकळी नखानं काढून माझ्या हातावर ठेवली.

"गुन्हा काय नोंदवू? झेंडू सापडला म्हणून? जा. पण मिरवणुकीच्या दिवशी तलवार घेऊन रस्त्यावर यायचं नाही. कळलं?"

अहवाल जाईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. आदेश आला तेव्हा मी आधी आईला फोन केला. ती फक्त म्हणाली, "आता त्या वस्तूला हात लावणार न्हाई मी."

पुढच्या खंडेनवमीला ती आली. हळद-कुंकू तिनं पाटाच्या कडेला वाहिलं, तलवारीपासून वीतभर लांब. मी खिडकी उघडी ठेवून तलवार पुसत होतो. करडीच्या तेलाची बाटली हातात धरून ती जोड्यांपाशी येऊन उभी राहिली.

"जोड्याला तरी लावू का थोडं? का त्यानं बी काय हुतंय?"

त्या तेलानं चामडं कडक होतं, हे मला माहीत होतं.

"लाव की," मी म्हणालो.