इंजिनिअर नसलेला जावई

माझा जावई इंजिनिअर आहे, पण लग्नाच्या वेळी नव्हता.

म्हणजे मुंबईच्या हिशेबाने होता. चार वर्षं शिकून रीतसर डिग्री घेतलेला. पण निखिल नोकरीला कॅनडात, आणि तिथे नुसत्या डिग्रीवर कुणी स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेऊ शकत नाही. अनुभव दाखवायचा, कायद्याची परीक्षा द्यायची, लायसन्स मिळवायचं, मगच. हे मला कळलं तेव्हा मी पत्रिकेचा मजकूर प्रेसमध्ये देऊन बसलो होतो. ‘चि. निखिल (इंजिनिअर, कॅनडा)’. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

केतकीने, माझ्या मुलीने, मजकूर त्याला पाठवला. लगेच त्याचा फोन.

“बाबा, ते इंजिनिअर काढा ना प्लीज. पत्रिका माझ्या बॉसला जाणार. तो स्वतः लायसन्सवाला आहे.”

“काळजी करू नको रे. दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो. (छपाईतलं मला सगळं कळतं, असा तेव्हा माझा समज होता.)

मी प्रेसवाल्या दिनेशला फोन लावला. मागे मशीनचा खडखडाट.

“दिनेश, नवऱ्यामुलाचं बघ. इंजिनिअर नाही.”

“नाही? बरं. कंसात ना काका?”

“हो, कंसातलंच सांगतोय.”

“दोन्ही भाषांत?”

“दोन्ही.”

संध्याकाळी त्याने मोबाइलवर नमुना पाठवला. चष्मा आत होता. मी ‘झकास, छाप’ असं कळवून टाकलं. तीनशे पत्रिका आल्या, त्या मी दोन दिवसांत वाटूनही टाकल्या. आमचा अर्धा चारकोप आणि, कुरिअरने, गावाकडची सगळी कणकवली.

पहिला फोन कणकवलीहून, माझ्या बहिणीचा.

“दादा, जावय इंजिनेर नाय ह्या कळला. पण मगे तो करता तरी काय?”

मी चष्मा लावून पत्रिका उघडली. ‘चि. निखिल (इंजिनिअर नाही)’. उलटून पाहिली. तिकडे ‘नॉट इंजिनिअर’. दिनेशचं भाषांतर चोख होतं.

जिन्यात शेजारच्या परबांनी माझा हात हातात घेतला. “पत्रिकेत एवढं खरं कोण लिहितो आजकाल? जाऊ दे यार, मुलगा निर्व्यसनी आहे ना?”

मग निखिलच्या आईचा फोन आला. त्या राहतात दिंडोशीला. “चार वर्षं रात्रंदिवस अभ्यास केलाय त्याने. आणि तुम्ही हे छापून वाटता? लग्न करायचंय ना नक्की?”

बायको म्हणाली, “आता फोनवर एक शब्द बोलू नका. रिक्षा करा.”

दिंडोशीला मी अर्धा तास मान खाली घालून समजावत होतो. विहीणबाई पाण्यालासुद्धा विचारेनात. शेवटी बरोबर आलेल्या केतकीने निखिलला व्हिडिओ कॉल लावून पत्रिका कॅमेऱ्यासमोर धरली. त्याने ती उलटून दुसरी बाजूही दाखवायला लावली.

“आई,” तो म्हणाला, “कायद्याने हे शंभर टक्के बरोबर आहे.” आणि तो असा हसत सुटला, की त्याची आईसुद्धा पदराआड हसली. चहा आला. बॉसलाही त्याने तीच पत्रिका पाठवली. इतका काटेकोर सासरा मिळाल्याबद्दल बॉसने त्याचं खास अभिनंदन केलं म्हणे.

लग्न छान झालं. फक्त आमच्या एका काकांनी आहेर देताना निखिलला बाजूला घेतलं. “पोरा, मन लहान करू नकोस. साकीनाक्याला आपलं युनिट आहे, कधीही ये. चिकटवून टाकू तुला.” निखिलने वाकून नमस्कार केला.

पुढच्या वर्षी त्याला लायसन्स मिळालं. घरातलं छपाईचं खातं मात्र माझ्याकडून कायमचं गेलं. परवा नातीच्या बारशाची पत्रिका मला थेट छापून आल्यावरच दाखवली. त्यात माझंच नाव चुकलं होतं. मी ‘सुंदर झालीय’ म्हणालो आणि पेपर उघडला.