टोपीचा पट्टा

सामन्याच्या दिवशी या कॉलेजच्या बँडमध्ये एक रिवाज पाळतात. पहिला सूर निघेपर्यंत ट्रम्पेट वाजवणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. त्या दिवशी सायली पहिल्यांदाच एकटीने सुरुवात करणार होती. मैदानाच्या कडेला ती सारखी ओठ ओले करत होती. तिच्या टोपीचा हनुवटीखालचा पट्टा सुटून लोंबत होता. मान वर केली की टोपी पडणार, हे बँडच्या मागेच असलेल्या प्रेक्षकांच्या बाकावरून मलाही दिसत होतं.

"सांग की तिला," झांजवाली कुजबुजली.

"मी न्हाई. गेल्या साली बोललो आणि हरलो आपण," ढोलवाला म्हणाला.

"तुझ्या बोलण्यानं व्हय? गोलकीपर झोपलावता!"

भीती सगळ्यांमध्ये वाटून घेता यावी म्हणून असे रिवाज पडत असावेत. इथे मात्र रिवाजानेच तिला एकटं पाडलं होतं.

शेवटी ढोलवाला तिच्यासमोर गेला, आपला पट्टा सोडला आणि पुन्हा लावला. मग झांजवालीने तेच केलं, मग सगळ्या रांगेने. सायली गोंधळली. हाही एखादा रिवाज असेल असं समजून तिने हनुवटीशी हात नेला, आणि तिथेच थबकली.

पट्टा लागला. तिने मान वर केली. सूर कापरा निघाला, पण निघाला, आणि मागे सगळे एकदम बोलू लागले.