मेंढीला आलेला उमाळा

काल मराठीच्या तासाला मॅडमनी ‘उमाळा’ या शब्दाचा अर्थ विचारला. मला तो ठाऊक होता, पण हात वर झाला नाही. डोळ्यांपुढं जे आलं, ते वर्गात कसं सांगावं, हेच कळेना.

तेव्हा मी आठ वर्षांची होते. वाशीजवळच्या माळावर आमची मेंढरं बसली होती. सकाळीच जन्मलेलं कोकरू मळकट दिसलं, म्हणून मी त्याला साबण लावून न्हाऊ घातलं. त्याचा वास गेला आणि त्याची आईच त्याला ओळखेना. ते दुधाला गेलं की ती डोक्यानं ढकलून द्यायची. दिवस कलला तसे त्याचे पाय लटपटू लागले.

“लग्नाला न्यायचं होतं का गं त्याला?” माझे वडील, आप्पा, माझ्यावर ओरडले.

“मरंल का ओ ते?”

“दूध न्हाय मिळालं तर मरंल.”

मग त्यांनी मेंढीचंच दूध काढून कोकराच्या पाठीला चोळलं, वर चिमूटभर मीठ लावलं. मेंढीनं हुंगलं. एकदा चाटलं, थांबली, पुन्हा चाटू लागली. तिच्या घशातून बारीक, थरथरता आवाज निघाला. कोकरू आचळाला लागलं आणि त्याच्या तोंडाच्या कडेनं दूध ओघळलं.

“उमाळा आला तिला,” आप्पा हळूच म्हणाले.

तेव्हा मला ती मिठाची करामत वाटली. आता वाटतं, माया तिच्यात दिवसभर होतीच, तिला फक्त वाट सापडत नव्हती. एरवी मेंढरांना शिव्या घालणाऱ्या आप्पांनी त्या दिवशी त्या मेंढीला हात जोडले होते.