लोह्याच्या साठ मशिनी आणि चौथी आवृत्ती

चाळिसाव्या मिनिटाला पहिली मशीन गोठली. माउस हलेना, पडद्यावरचं घड्याळ सरकेना. मागोमाग दुसरी, तिसरी. दहा मिनिटांत लोहा गावच्या मुलींच्या कॉलेजातल्या साठच्या साठ मशिनी गप्प झाल्या. सकाळपासूनचा हा माझा तिसरा प्रयत्न होता आणि तीनही वेळा असंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तपासणी होती. लॅब पास झाली तर कॉलेजला नर्सिंगच्या ऑनलाइन प्रवेश परीक्षेचं केंद्र मिळणार होतं. नापास झाली तर मुलींना लांबच्या शहरात जाऊन परीक्षा द्यावी लागणार होती. हे म्हणायला सोपं आहे. प्राचार्य पवळे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, मागच्या साली फॉर्म भरून बी माझ्या सात पोरी गेल्याच न्हाईत. बाप म्हणतो, एकटी कुठं धाडू? केंद्र हितंच आलं तर कोण नको म्हणंल?"

आणि आदल्याच संध्याकाळी मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो, "मॅडम, झालं समजा." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

काम काय होतं ते सांगतो. साठ मशिनींवर एकेक करून सिस्टिम टाकत बसलं तर आठवडा जातो. म्हणून लॅबमध्ये एक सर्व्हर ठेवतात. मशीन चालू करताना एक बटण दाबलं की ती नेटवर्कवर विचारते, मला सिस्टिम कोण देतं? सर्व्हर तिला आधी एक छोटी सिस्टिम पाठवतो, ती मशीन जागी करते आणि मग मोठी सिस्टिम उतरवून घेते. ही मोठी सिस्टिम सर्व्हरवर एकाच फाइलमध्ये असते. तिला आम्ही इमेज म्हणतो. परीक्षेचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर चाळीसेक मिनिटांनी गोठतं, हा दोष माहीत होता. त्यावर दुरुस्ती, म्हणजे पॅच, आलेला होता. तो इमेजमध्येच घातला की साठही मशिनी दुरुस्त होऊनच जन्माला येतात. मी घातला होता. तीनदा. तिन्ही वेळा पडद्यावर लिहून आलं होतं, 'काम यशस्वी'.

संध्याकाळी नांदेडहून आमच्या कंपनीच्या भालेराव साहेबांचा फोन आला. "गजानन, तू राहू दे आता. लातूरच्या ऑफिसातून तबस्सुमला धाडतो."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. या धंद्यात मला अठरा वर्षं झाली होती, तिला सहा.

सकाळी सव्वादहाला ती अहमदपूरमार्गे येणाऱ्या एसटीतून उतरली. खांद्याला सॅक, हातात जेवणाचा डबा. चहा नको म्हणाली. मी सर्व्हरसमोरची खुर्ची दिली आणि म्हणालो, "पॅच परत घालायचा असेल तर कमांड तयार आहे, मॅडम."

"घालू की, सर. आधी काय हाय ते तर मोजू."

आणि ती खरंच मोजत बसली. इमेजमध्ये काय काय आहे, कुठल्या तारखेचं आहे, सगळं वहीत लिहायला लागली. पॅचला हातसुद्धा लावला नाही. मी घड्याळाकडे बघत होतो. पवळे मॅडम दारात दोनदा येऊन गेल्या. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, हे लिहिणं नंतर नाही का होणार?"

"आमच्या अब्बांचं उदगीरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "बोअरची जळालेली मोटर येती. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, पीक वाळून राहिलंय. तरी अब्बा जळकी कॉइल आधी तोडत न्हाईत. तिच्या तारेचे फेरे मोजतात, लिहितात. एकदा तोडली की आधी काय व्हतं ते कुणालाच सांगता येत न्हाई."

पाच मिनिटांनी तिनं विचारलं, "सर, ह्या मशिनींवर एज्युकेशनची आवृत्ती टाकताव ना?"

"हो. कॉलेजचं लायसन तेच आहे."

"ती इमेजमध्ये चौथी हाय. पॅच पहिलीत गेलाय."

एका इमेज फाइलमध्ये सिस्टिमच्या चार-पाच आवृत्त्या एकत्र असतात, घरगुती, ऑफिसची, कॉलेजची. प्रत्येकीला नंबर असतो आणि पॅच घालताना तो नंबर सांगावा लागतो. मी कुठूनतरी उतरवून घेतलेली कमांड वापरली होती. त्यात आवृत्तीचा नंबर एक होता, मी तोच ठेवला. पहिली आवृत्ती तीनदा दुरुस्त झाली आणि साठ मशिनींवर उतरली चौथी, जशीच्या तशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 'काम यशस्वी' हे खोटं नव्हतंच. मी सांगितलं तिथं ते यशस्वीच झालं होतं.

"मूळ प्रत कुठंय?" तिनं विचारलं.

मी मूळ फाइलवरच काम केलं होतं. तिनं सॅकमधून हार्ड डिस्क काढली, कोरी इमेज सर्व्हरवर घेतली आणि तिचीही एक प्रत बाजूला ठेवली. टोमणा मारला असता तर मला हलकं वाटलं असतं.

तेवढ्यात पवळे मॅडम आत आल्या. "काय घोटाळा झालाय, कळलं का?"

तबस्सुम कीबोर्डवरच होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बोलायची जागा तिनं माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, "माझी चूक झाली, मॅडम. पॅच भलत्याच ठिकाणी घातला होता."

"सापडलं ना? मंग पुढं चला," मॅडम म्हणाल्या.

पुढचं काम बघत राहावं असं होतं. तिनं चौथी आवृत्ती उघडली. आधी एक छोटा पॅच घातला, जो पुढचे पॅच स्वीकारायची तयारी करतो, मग मोठा. आवृत्ती सेव्ह करून बंद केली. माझं काम तिथं संपलं असतं. तिनं ती पुन्हा उघडली, पॅचांची यादी काढली, वहीतल्या यादीशी ताडली, बरोबर आहे म्हणून खूण केली. मग एकाच मशीनवर सिस्टिम उतरवली, परीक्षेचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि डबा उघडून जेवायला बसली.

"बाकीच्या लावू का?" मी विचारलं.

"पन्नास मिनिटं जाऊ द्या. चाळिसाला गोठती ना? तुम्ही बी जेवून घ्या, सर."

सव्वाबारा वाजले होते. तेवढ्यात साहेबांचा फोन. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, एवढं कशाला? पहिल्या रांगेतल्या बारा मशिनी हातानं अपडेट कर. तपासणारे तेवढ्याच बघतात. बाकीचं परीक्षेच्या आधी बघू."

मला ते पटलं, हेही सांगून टाकतो. फोन स्पीकरवर होता. तबस्सुम हात धुऊन आली.

"साहेब, मागच्या रांगेत बी पोरीच बसणार हायत."

"आणि चारपर्यंत झालं नाही तर?"

"तर झालं न्हाई म्हणून मी सोता सांगते तपासणीवाल्यांना. पण हाय म्हणून न्हाई सांगणार."

मग साहेब म्हणाले, "बरं, बघा," आणि फोन ठेवला. सहा वर्षांच्या नोकरीत साहेबाला असं नाही म्हणणं, तेही आवाज न चढवता, मला अठरा वर्षांत जमलेलं नाही.

चाळीस मिनिटं झाली. एक्केचाळीस. पवळे मॅडम, मी आणि लॅबचे शिपाई तिघंही त्या एका मशीनसमोर उभे होतो. तबस्सुम मात्र बसून वहीत वेळ लिहीत होती. पन्नासावं मिनिट झालं तरी घड्याळ चालूच होतं.

"चला, आता लावू," ती म्हणाली. "सगळ्या एकदम नको, सर्व्हर दमंल. वीस-वीस करून."

तीन खेपा झाल्या. सव्वातीनला साठावी मशीन उभी राहिली. मग ती रांगेनं फिरली आणि प्रत्येक मशीनवर पॅच दिसतो का ते बघून वहीत खूण केली. साठ खुणा.

तपासणारे साहेब चारला पाच मिनिटं कमी असताना आले. पहिल्या रांगेतल्या चार मशिनी बघितल्या, दहा मिनिटं सॉफ्टवेअर चालवलं, चहा घेतला आणि सही करून गेले. भालेराव साहेबांचं अगदी बरोबर होतं. मी तबस्सुमकडे पाहिलं. ती केबल गुंडाळत होती.

"चारच बघितल्या," मी म्हणालो.

"त्यांनी त्यांचं केलं," ती म्हणाली. "लातूरची गाडी कितीला हाय, सर?"

स्टँडवर सोडताना मी तिला सांगितलं, "मॅडम, आज मी तुमच्याकडून शिकलो." ती लाजली, "काय बी सर," म्हणाली आणि गाडीत चढली.

परीक्षेच्या दिवशी मी लॅबच्या काचेबाहेर होतो. पेपर दोन तासांचा. चाळीस मिनिटं झाली तेव्हा माझी नजर शेवटच्या रांगेवर होती. एका मुलीनं वेणी मागे टाकली आणि पुढचा प्रश्न उघडला. बाकी काही घडलं नाही.

पेपर सुटल्यावर मुली पवळे मॅडमभोवती गोळा झाल्या. जीवशास्त्र लई अवघड होतं, वेळच पुरला न्हाई, असा एकच गलका. मी लातूरला फोन लावला.

"मॅडम, मागच्या रांगेतल्या पोरी तक्रार करतायत."

"कशाची?" तिचा आवाज एकदम ताठ झाला.

"पेपर अवघड होता म्हणे."

पलीकडून हसू आलं. "मंग ते पोरींचं हाय, सर. आपलं झालं."