बाबांची पऱ्हाटीची काडी

मंडळी, आज तेल्हाऱ्याहून अकोल्याला जाताना बाबांची जुनी मोटार भर रस्त्यात बंद पडली. शेवटी टोचन करून जुन्या शहरात रफिकभाईंच्या गॅरेजवर नेली.

या गाडीचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षांपासून मेलेला. बाबा टाकीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळलेली काडी बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहतात. काटा दुरुस्त करू म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "काडी खोटं बोलत नाई."

रफिकभाईंनी पेट्रोलचा पंप खोलला. आतली जाळी पऱ्हाटीच्या सालपटांनी गच्च भरलेली! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी ती सालपटं मुठीत दाबली.

"काका, आजकाल पेट्रोलच गंदं येऊन राहिलं. तुमी तरी काय करसान?"

बाबा त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिले.

मला रागच आला. रफिकभाईंना बाजूला नेऊन विचारलं, "खरं कावून नाई सांगितलं?"

"इतकी वर्षं त्यायनं त्या काडीवर गाडी चालवली, ताई. आता तोंडावर काय सांगाचं?"

टाकी धुऊन झाली, काटाही चालू झाला. घरी आल्यावर पाहते तर बाबा टाकीचं झाकण उघडून उभे. हातात पुन्हा काडी!

"काटा बरोबर हाय का, पाहून राहिलो," म्हणाले.

मी भांडायलाच पुढे गेले होते. मग काडी नीट पाहिली. तिची साल पूर्ण सोललेली होती, अन् काचेच्या तुकड्याने घासून ती अगदी गुळगुळीत केलेली होती.

आता सांगा, अशा माणसाला काय बोलायचं?